समजून घ्या : घर विकायचे आहे, हाताशी पैसे थोडे... आधी रंग की आधी कागद?

दिवाळी सरली, कापसाचे पैसे हातात येऊ लागले की यवतमाळ जिल्ह्यात जागा-घरांचे सौदे बोलले जाऊ लागतात. याच दिवसांत अनेक घरांच्या दारावर ‘घर विकणे आहे’ असा कागद चिकटतो. वडील गेलेले असतात, आई मुलाकडे नागपूरला किंवा पुण्याला राहायला गेलेली असते आणि गावातले किंवा शहरातल्या ले-आउटमधले घर कुलूपबंद पडलेले असते. कुणाला दवाखान्याचा खर्च भागवायचा असतो, कुणाला मुलीच्या शिक्षणासाठी रक्कम हवी असते, तर कुणाला कर्ज फेडायचे असते.

मग घरात पहिला विचार येतो तो रंगाचा. वीस-तीस हजार रुपये उसनवार करून भिंती रंगवल्या जातात. लोक येतात, घर पाहतात, चहा पितात, ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. महिने जातात. शेवटी एखादा रोख पैसे देणारा भेटतो आणि घर पडत्या भावात जाते.

असे का होते? पैसे थोडे असतील तर ते आधी कशावर खर्च करावेत? तुकडेबंदी कायद्यातील सवलत आणि भांडवली नफ्यावरील कराचे बदललेले नियम यांचा यात काय संबंध? समजून घेऊ.

घराची किंमत नेमकी कुठे पडते?

घराला भाव मिळतो तो घेणाऱ्यांच्या स्पर्धेतून. एका घरासाठी पाच जण इच्छुक असतील तर भाव टिकतो. एकच असेल तर तो म्हणेल तो भाव.

आता पाहा. मालकी दाखवणारा कागद अपुरा असेल तर बँक गृहकर्ज देत नाही. म्हणजे शिक्षक, पोलिस, एसटी कर्मचारी, खासगी नोकरदार असे पगारावर कर्ज काढणारे सगळे ग्राहक एका झटक्यात बाद होतात. वारसांपैकी एकाची सही बाकी असेल तर सावध ग्राहक बाजूला होतात. घरावर जुन्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर आणखी काही जातात. उरतो तो रोख रक्कम घेऊन फिरणारा गुंतवणूकदार. कागद अपुरा असल्याचे त्याला पक्के ठाऊक असते आणि तो त्याच हिशेबाने भाव पाडतो.

भिंतीचा रंग उडाल्याने ग्राहक दहा-वीस हजारांची घासाघीस करतो. कागद अपुरा असेल तर तो लाखाच्या भाषेत बोलतो. म्हणून कमी पैशांत घर विक्रीसाठी तयार करायचे असेल तर क्रम असा ठेवावा : आधी कागद, मग पाणी आणि गळती, आणि सर्वांत शेवटी रंग.

तुमच्याकडे नेमका कोणता कागद आहे?

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि घर कुठे आहे त्यानुसार मालकीचा कागद बदलतो. ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

*गावठाणातले घर :* बहुतेकांकडे ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ असतो. ही कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोण भरतो हे ती सांगते. मालकीचा पक्का पुरावा म्हणून ती पुरत नाही. अनेकदा तलाठी कार्यालयातील ‘८-अ’ आणि ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ यांत गल्लत होते. ‘८-अ’ हा शेतजमिनीचा खातेउतारा आहे, त्याचा गावठाणातल्या घराशी संबंध नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजून प्रत्येक घराची मिळकत पत्रिका तयार करणे हा तिचा गाभा आहे. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरात एकाच दिवशी ६५ लाखांहून अधिक मिळकत पत्रिकांचे वाटप झाले. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून घ्या. तीवर नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा बरोबर आहेत का ते पाहा. चूक असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज करा.

*शहरातले जुने घर :* यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड अशा शहरांच्या जुन्या भागांत नगर भूमापन झालेले आहे. तिथे आखीव पत्रिका हा मुख्य कागद. काही भूखंड नझूलचे, म्हणजे सरकारने भाडेपट्ट्याने दिलेले असतात. भाडेपट्टा संपला असेल किंवा नूतनीकरण राहिले असेल तर विक्री अडकते. नागपूर आणि अमरावती विभागांतील निवासी नझूल जमिनी मालकी हक्काने करून देण्यासाठी सरकारने सवलतीची विशेष अभय योजना आणली होती. आपला भूखंड त्यात बसतो का आणि सध्या कोणता दर लागू आहे, ही चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेत आधी करा आणि मगच ग्राहक शोधा.

*ले-आउटमधले घर :* येथे अकृषक आदेश, मंजूर नकाशा, खरेदीखत आणि सातबारा किंवा आखीव पत्रिका हे सगळे हवे. बांधकाम परवानगीचा नकाशा हरवला असेल तर नगरपरिषदेकडून प्रमाणित प्रत मागा. बँक कर्जाच्या वेळी सर्वाधिक अडचण याच कागदावर येते.

*शेतात पाडलेल्या प्लॉटवरचे घर :* अकृषक परवानगी न घेता पाडलेल्या प्लॉटवर हजारो रुपये, कधी आयुष्याची कमाई ओतून लोकांनी घरे बांधली आहेत. हातात शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचा करार असतो, सातबाऱ्यावर मात्र मूळ शेतकऱ्याचेच नाव. या मंडळींसाठी पुढचा भाग महत्त्वाचा.

तुकडेबंदीची सवलत : कुणाला, किती?

तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे. शेतीचे इतके छोटे तुकडे पडू नयेत की ती कसणेच परवडू नये, हा त्याचा हेतू. ठरवून दिलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याची खरेदी-विक्री त्याने रोखली. २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे १,५०० चौरस फुटांचा प्लॉट दीड गुंठाही भरत नाही. सातबाऱ्यावर जमीन शेतीची असेल तर असा व्यवहार कायद्याच्या कचाट्यात सापडणारच.

असे व्यवहार नियमित करण्यासाठी आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरावी लागे. ती नंतर ५ टक्क्यांवर आली. तरीही लोक पुढे आले नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुढचे पाऊल टाकले. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील तुकड्यांचे व्यवहार कोणतेही शुल्क न घेता नियमित करण्याचा निर्णय झाला आणि त्यासाठी अध्यादेश निघाला. नगरपरिषद, नगरपंचायत हद्दीतील तसेच आराखड्यात निवासी वा इतर अकृषिक वापरासाठी दाखवलेल्या भागांतील जमिनींना हा दिलासा आहे.

घर विकणाऱ्याने यातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

एक : खरेदीखत नोंदणीकृत असेल, पण तुकडेबंदीमुळे फेरफार रद्द झाला असेल किंवा नाव इतर हक्कांत टाकले असेल, तर आता ते कब्जेदार म्हणून लावून घेता येते. त्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, खरेदीखताच्या प्रतीसह अर्ज करा.

दोन : हातात फक्त नोटरीचा किंवा साध्या मुद्रांकाचा करार असेल तर तो आपोआप खरेदीखत होत नाही. मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावाच लागतो. मूळ विकणारा हयात असेल तोवर हे काम सोपे. तो गेला की त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. म्हणून उशीर करू नका.

तीन : जमिनीचा तुकडा नियमित झाला म्हणजे बांधकामही नियमित झाले असे होत नाही. त्यासाठी नगरपरिषदेकडे किंवा नियोजन प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

बहिणीची सही : सर्वांत नाजूक कागद

वडिलांच्या नावावरचे घर विकताना सर्वाधिक सौदे इथेच मोडतात. ‘ताईचे लग्न झाले, तिचा काय संबंध’ हे वाक्य आजही ऐकू येते. कायदा स्पष्ट आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितले की, त्या दिवशी वडील हयात असणे गरजेचे नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असल्यास तीही, असे सगळे समान वारस ठरतात.

इथे बहुतेक घरांत हक्कसोडपत्राचा मार्ग धरला जातो. वडिलोपार्जित मालमत्तेसाठी भावंडांमधील हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. २०० रुपयांचा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा झाला. दस्त मात्र नोंदणीकृतच हवा.

पण घर विकायचेच आहे, तर हक्कसोडाची गरजच नाही. सगळे वारस खरेदीखतावर विकणारे म्हणून एकत्र सही करू शकतात आणि प्रत्येकाचा हिस्सा थेट त्याच्या-तिच्या खात्यात जाऊ शकतो. एक दस्त वाचतो, एक खर्च वाचतो. मुख्य म्हणजे, एका साडीवर बहिणीची सही घेतल्याचे शल्य मागे राहत नाही. रुसलेली बहीण पुढे न्यायालयात गेली तर घेणाऱ्याचे घर अडकते आणि विकणाऱ्याची झोप. हे ओळखूनच जाणकार ग्राहक पहिल्याच भेटीत ‘बहिणी किती?’ असे विचारतो.

आणखी एक बाब. कर्त्या माणसाच्या अकाली मृत्यूचा घाव सोसलेली कुटुंबे या जिल्ह्यात कमी नाहीत. अशा घरात आईला घर विकावे लागते आणि मुले लहान असतात. वारसाहक्काने अल्पवयीन मुलाच्या वाट्याला आलेला हिस्सा विकण्यापूर्वी पालकाला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती न घेता केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकते. वकिलाची फी परवडत नसेल तर यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्रे लागतात. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात. प्रत्यक्षात याहून वेळ लागतो, म्हणून ग्राहक शोधण्याच्या आधीच हे काम सुरू करावे. २०२५ मध्ये राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावली गेली. मात्र ती सातबाऱ्यापुरती आहे. गावठाणातील घराची वारस नोंद ग्रामपंचायतीत आणि मिळकत पत्रिकेवर वेगळी करून घ्यावी लागते.

विक्रीला परवानगी लागणारी घरे

झरी जामणी, केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांत आदिवासी कुटुंबांची संख्या मोठी आहे. आदिवासी मालकाची जमीन बिगर आदिवासी व्यक्तीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार कडक निर्बंध आहेत; आधी परवानगी घेतल्याशिवाय व्यवहार टिकत नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिले असेल तरीही पूर्वपरवानगी लागते. शासकीय घरकुल योजनेतून घर मिळाले असेल तर मंजुरी आदेशातील अटी आधी वाचा. अशा घराचा इसार घेऊन नंतर परवानगी नाकारली गेली तर घेतलेले पैसे परत करायची वेळ येते आणि तोवर ते खर्च झालेले असतात.

बोजा, थकबाकी आणि नावे

शेतीकर्जासाठी, व्यवसायासाठी किंवा पतसंस्थेतून घेतलेल्या कर्जासाठी घर कधीकाळी तारण दिलेले असते. कर्ज फिटते, पण उताऱ्यावरचा बोजा तसाच राहतो. बँकेचा ‘थकबाकी नाही’ दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. या कामाला पैसे जवळपास लागत नाहीत, फक्त फेऱ्या लागतात.

घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचे बिल भरून ताज्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. वीज मीटर अजूनही आजोबांच्या नावावर असेल तर ते नाव बदलून घ्या. ग्राहक आला की ती फाइल त्याच्यासमोर ठेवा. न मागता कागद दाखवणाऱ्या मालकाशी घासाघीस कमी होते.

पाणी : यवतमाळचा पहिला प्रश्न

निळोणा आणि चापडोह धरणे आटल्यावर २०१८ मध्ये यवतमाळ शहराने जे सोसले, ते इथला कोणताही ग्राहक विसरलेला नाही. म्हणून घर पाहायला आलेला माणूस स्वयंपाकघराच्या आधी पाण्याचे विचारतो. नळजोडणी कुणाच्या नावावर आहे, पाणी किती दिवसांनी येते, बोअर किती फूट आहे, मे महिन्यात चालतो का, टाकी किती लिटरची, याची खरी उत्तरे तयार ठेवा. बोअरची जुनी पावती असेल तर शोधून काढा. मोटार बंद असेल तर आधी ती सुरू करा. चालू नळातून पडणारे पाणी हे इथले सर्वांत चांगले प्रदर्शन आहे. टाकी गळत असेल, शेवाळली असेल तर घासून, झाळून घ्या.

सांडपाण्याचेही तसेच. मोरीचे पाणी अंगणात साचत असेल तर शोषखड्डा करून घ्या. दगड-विटांचे तुकडे आणि थोडी मजुरी एवढ्यात काम होते, वास जातो आणि डास कमी होतात.

गळती आणि भेगा : लपवू नका, थांबवा

ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारणे हा पैसे वाया घालवण्याचा हमखास मार्ग. भिंतीतले पाणी बाहेर पडायला जागा शोधते, रंगाचे फुगे येतात आणि महिनाभरात पापुद्रे सुटतात. आधी पाणी कुठून येते ते शोधा.

स्लॅबचे घर असेल तर गच्चीवरची पन्हाळी साफ करा, पाणी साचणारे खळगे सिमेंटने भरून उतार काढा, कडेच्या सांध्यांवर वॉटरप्रूफिंगचा हात मारा. टिनपत्र्यांचे छत असेल तर गंजलेले खिळे काढून रबरी वॉशरचे स्क्रू लावले की निम्मी गळती थांबते. कवेलूचे घर असेल तर कवेलू फेरून घ्या, फुटलेले बदला आणि वाशांना उधई लागली आहे का ते ठोकून पाहा. उधई लागलेला वासा रंगवून झाकला तर घेणाऱ्यासोबतचा सुतार तो पहिल्या पाच मिनिटांत शोधतो.

मातीच्या भिंतींवर सिमेंटचे प्लास्टर चढवू नका. माती श्वास घेते, सिमेंट तिला कोंडते. दोन पावसाळ्यांत प्लास्टर सुटून येते. मातीचा गिलावा आणि वर चुना हाच स्वस्त आणि योग्य उपाय.

जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी कसदार जमीन आहे. ती कपाशीला चांगली, पण घराच्या पायाला त्रासदायक. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि त्या ओढाताणीत भिंतींना भेगा पडतात. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक भेगा चिंतेच्या नसतात. त्या लांबीने भरून घ्या. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, बोटाचे नख शिरेल इतकी रुंद भेग असेल तर स्थानिक अभियंत्याला दाखवा आणि त्याचे मत लेखी घ्या. ग्राहकाला भेग दिसणारच. कारण सांगितले आणि अभियंत्याचा कागद दाखवला तर तो दुरुस्तीचा खर्च मोजतो. लपवले आणि नंतर दिसले तर तो संपूर्ण घरावरच संशय घेतो.

३० हजार रुपये असतील तर...

समजा हाताशी फक्त ३० हजार रुपये आहेत. हे बाजारभाव नव्हेत, खर्चाचा क्रम समजण्यासाठी केलेली ही वाटणी आहे.

• पहिले १० हजार : उतारे, वारस नोंद, प्रतिज्ञापत्रे, वकिलाकडून शोध अहवाल, थकीत पट्टी आणि बिले.

• पुढचे १२ हजार : छताची गळती, पाण्याची टाकी आणि मोटार, शोषखड्डा.

• पुढचे ४ हजार : गळके नळ, तुटलेली बटणे, न लागणाऱ्या कड्या, शौचालयाचे दार आणि दिवा.

• उरलेले ४ हजार : चुना आणि दर्शनी भिंतीपुरता रंग.

सगळे घर रंगवण्याची गरज नाही. दर्शनी भिंत, मुख्य दार आणि बैठकीची खोली एवढे पुरे. बाकीचे काम कष्टाचे, पैशाचे नाही : अडगळ भंगारात द्या, जाळी काढा, अंगणातले गवत कापा, खिडक्या उघड्या टाकून कोंदट वास जाऊ द्या. बंद घराला आठ दिवस हवा लागली तरी ते बदललेले जाणवते. घरात भाडेकरू असतील तर त्यांच्याशी आधी बोलून घर सोडण्याची तारीख लेखी घ्या.

कर : इथेही पैसे वाचतात

‘गावातल्या घरावर कर नसतो’ हा गैरसमज आहे. करातून सूट असते ती ठरावीक ग्रामीण शेतजमिनीला. गावातल्या घराच्या विक्रीवरील नफा करपात्रच आहे.

दोन वर्षांहून अधिक काळ मालकी असलेल्या घराचा नफा दीर्घकालीन मानला जातो. वारसाने मिळालेल्या घरासाठी आधीच्या मालकाचा काळही धरतात. २३ जुलै २०२४ पासून या नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता १२.५ टक्के कर आहे. मात्र घर त्या तारखेपूर्वी घेतलेले असेल, तर निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांच्या जुन्या पद्धतीशी तुलना करून कमी येईल तेवढाच कर भरता येतो. घर २००१ पूर्वीचे असेल तर १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य खर्च म्हणून धरता येते.

उदाहरण घेऊ. २००१ मधील मूल्य ३ लाख रुपये, विक्री २०२५-२६ मध्ये १८ लाखांना. नव्या पद्धतीने नफा १५ लाख आणि कर १ लाख ८७ हजार ५०० रुपये. जुन्या पद्धतीने त्या वर्षाचा निर्देशांक ३७६ लावून ३ लाखांचे ११ लाख २८ हजार होतात. नफा उरतो ६ लाख ७२ हजार आणि कर १ लाख ३४ हजार ४००. फरक ५३ हजार १०० रुपयांचा. उपकर वेगळा. चार वारस असतील तर नफाही चौघांत वाटला जातो, त्यामुळे प्रत्येकाचे ओझे आणखी हलके होते. जुने घर विकून ठरलेल्या मुदतीत, म्हणजे दोन वर्षांत दुसरे घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले, तर अटींनुसार सूटही मिळते. २००१ चे मूल्यांकन आणि दलालीची पावती जपून ठेवा. रंगरंगोटीचा खर्च मात्र नफ्यातून वजा होत नाही.

खरेदीखतावर रेडी रेकनरपेक्षा खूपच कमी रक्कम लिहिली तरी फायदा नाही. फरक दहा टक्क्यांहून अधिक असेल तर कर रेडी रेकनरच्या दराने मोजला जातो. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात हे दर सरासरी ४.३९ टक्क्यांनी वाढले होते. विक्रीआधी आपल्या भागाचा चालू दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

इसार घेताना

घराच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याला मान्य नाही. घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. इसार बँकेतून घ्या. इसारपत्रात एकूण किंमत, मुदत, बाकी रक्कम कधी देणार आणि सौदा मोडला तर इसाराचे काय, हे स्पष्ट लिहा. पूर्ण पैसे खात्यात येईपर्यंत घराचा ताबा आणि मूळ कागद देऊ नका.

ग्राहकाचा खर्चही समजून घ्या. मुद्रांक शुल्काशिवाय त्याला एक टक्का नोंदणी फी भरावी लागते, कमाल ३० हजार रुपये. खरेदी महिलेच्या नावे असेल तर निवासी घरासाठी मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सौदा थोडक्या रकमेवर अडला असेल तर ही माहिती कामी येते.

मोबाइलवर जाहिरात टाकताना घराचे फोटो सकाळच्या उजेडात काढा. उतारे, आधार कार्ड यांचे फोटो टाकू नका. ‘घर न पाहताच घेतो, आत्ता टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असे सांगणारा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

सुरुवात कुठून करावी?

पावसाळा संपण्याची वाट पाहू नका. पावसात गळती नेमकी कुठे आहे ते कळते. तेव्हाच खडूने खुणा करून ठेवा. त्याच दिवसांत वारस नोंद आणि बोजा कमी करण्याचे अर्ज द्या, म्हणजे हरकतीची मुदत पावसाळ्यातच संपेल. पितृपक्षात घर पाहायला फारसे कुणी येत नाही. तो पंधरवडा गच्ची आणि टाकीच्या दुरुस्तीसाठी वापरा. दसऱ्याला दर्शनी भिंतीला चुना लावा. ‘घर विकणे आहे’ हा कागद दारावर लावण्याआधी मात्र एक फोन करा, बहिणीला.